सांडव्याखालची खोइन

माझ्या आतेची खोइन जप्त झाली ती माझ्या पत्रकामुळे. हे आधीच सांगून टाकतो. नाहीतर पुढे मी सरकारवर तोंड टाकायला लागलो की वाचणाऱ्याला वाटायचं, हा स्वतःचं झाकतोय.

खोइन म्हणजे बांबूच्या कामट्यांची लांबोडी टोपली. तोंड रुंद, शेपूट निमुळतं, आत उलट्या काड्यांचं दार. मासा आत जातो, बाहेर येत नाही. भाताच्या खाचरातलं पाणी ओसरायला लागलं की बांधाला पाणी जाण्यापुरतं खांड पाडायचं, त्या खांडात खोइन बसवायची आणि सकाळी उचलायची. मळे, शिंगट्या असले लहान मासे, मुठीएवढे खेकडे. आमच्या पाड्यात बऱ्याच जणांना खोइन विणता येते, पण आतेची वेगळी. तिच्या दारातून बोटभर मासाही मागं फिरत नाही.

त्या वर्षी आमच्या पोरांच्या गटानं तीन पत्रकं काढली. एक दुधाच्या भावाचं, एक वृक्षलागवडीच्या खर्चाचं, एक तलावाचं. दुधाचं खरं तर खालच्या तालुक्यातल्या सोबत्यांसाठी होतं. तिथं डेअरी आपल्याच यंत्रावर दुधाचं फॅट मोजते, आपणच भाव ठरवते, आणि ते यंत्र तपासायला कोणी येत नाही. आमच्याकडं गाय देते ते वासराला पुरतं. आतेनं ते पत्रक हातात घेऊन उलटसुलट बघितलं. दुसऱ्या दिवशी म्हणाली, "गाईला दाखवलं मी. खाल्लं तिनं. पटलं असंल."

वृक्षलागवडीचं पत्रक मी एका माळावरचा फलक बघून लिहिलं होतं. फलक माणसापेक्षा उंच, रोपं गुडघ्याखाली आणि निम्मी वाळलेली. फलकावर, वृक्षदिंडीच्या फेरीवर, टोप्यांवर किती पैसे गेले आणि खड्ड्यात किती, एवढंच विचारलं होतं. उत्तर आलं नाही. दुधालाही आलं नाही.

तलावाला आलं.

पाड्याच्या वरच्या अंगाला मातीच्या भिंतीचा तलाव आहे. त्यात जमीन गेली ती आमचीच. मासेमारीचा ठेका कागदावर एका मच्छीमार संस्थेकडं, पण तिचे सभासद कोण ते पाड्यात कोणालाच ठाऊक नाही. प्रत्यक्षात एक बाहेरचा ठेकेदार. त्याची माणसं मच्छरदाणीसारख्या बारीक जाळ्यानं सगळं ओढायची, बोटुकलीसुद्धा, म्हणजे माशांची बोटाएवढी पिल्लं. बर्फाच्या पेट्या पिकअपमध्ये भरून उजाडायच्या आत घाट उतरायची. नियम नाहीत असं नाही. जाळ्याच्या डोळ्याला नियम आहे, माशांचं बीज सोडायला नियम आहे, स्थानिकांना आधी विचारायलाही आहे. बघायला माणूस नाही. म्हणून मी जाड अक्षरांत लिहिलं, तलावाची तपासणी झालीच पाहिजे. जव्हारला झेरॉक्स काढल्या आणि मोखाड्याच्या बाजारात, जीपच्या थांब्यावर, दिसेल त्याच्या हातात दिल्या.

तपासणी झाली. एका सकाळी साहेबांची गाडी आली, बरोबर कारकून. मला निरोप आला, पत्रकवाल्याला बोलवा. मी धावतच गेलो. तलावावर एक जाळं नव्हतं, एक पेटी नव्हती. ठेकेदाराच्या शेडला कुलूप. काल संध्याकाळपर्यंत तिथं माणसं होती, हे मी तीनदा सांगितलं. साहेब म्हणाले, "काल आम्ही नव्हतो."

मग भिंतीवरून चालत ते सांडव्याकडं, तलावाचं जादा पाणी जिथून बाहेर पडतं तिथं, आले आणि खाली बघून थांबले. सांडव्याखाली ओढा, ओढ्याला लागून खाचरं. आतेच्या बांधाच्या खांडात खोइन.

"हे कोणाचं?"

आते भात कापत होती. विळा कमरेला खोचून वर आली. चेहरा असा, की पोरीला बघायला पाहुणे आलेत.

"माझी. कोणाची असनार? हात घाल आत, सायब. घाल की, चावत नाय."

"रोज लावता?"

"रोज. पानी हाय तवर."

"किती मिळतात?"

"दोन येळचं कालवण. जास्त पडली तं वाळवायची."

कारकून लिहीत होता. आतेला वाटलं, सरकार तिची खोइन बघायला आलंय. एवढ्या लांबून कोणी गाडी घेऊन आलं, विचारतंय, लिहून घेतंय, मग दुसरं काय असणार? तिनं खोइन उपसून शेपटीची गाठ सोडली, दोन शिंगट्या पळसाच्या पानावर ठेवल्या आणि साहेबांपुढं धरल्या. साहेबांनी शिंगट्या घेतल्या नाहीत. खोइन घेतली.

पंच म्हणून सही कोणाची हवी, तर लिहितावाचता येणाऱ्याची. माझी. मला आनंद झाला होता, हे कबूल करतो. आपल्या मागणीवर सरकारी कागद होतोय, त्यावर आपली सही. कारकुनानं लिहिलं होतं, "ठेकेदाराचे साहित्य आढळले नाही." मी अडून बसलो. शेडला कुलूप होतं हे लिहा, कुलूप आहे म्हणजे आत काय आहे ते बघितलं नाही हेही लिहा. अर्धा तास भांडलो आणि ते वाक्य घालून घेतलं. त्याच्या वर एक वाक्य होतं, "तलाव क्षेत्रात विनापरवाना मासेमारीचे एक साधन आढळले." तेही वाचलं. क्षेत्र म्हणजे आसपास, असं समजून पुढं गेलो. जिंकलेल्या वाक्याच्या धुंदीत सही ठोकली.

दुसऱ्या दिवशी ठेकेदाराचा माणूस खाचरांवरून फिरला. प्रत्येक बांधावर थांबून तेच सांगितलं, "कागद बघा. ओढापण तलावात आला आता. खोइनी काढून घ्या." कागद साहेबांचा, आणि त्यावर सही पाड्याच्याच पोराची, माझी. वर जमीन गेली होती. आता खालचं पाणीही चाललं होतं, आणि अख्ख्या पाड्याचं.

आते मला शोधत घरी आली.

"तू सही केली?"

"केली."

"वाचून?"

"वाचून."

ती उंबऱ्यावर बसली. विळ्याच्या मुठीवरची माती नखानं काढायला लागली. मी म्हणालो, आजच अर्ज लिहितो, वरपर्यंत पाठवतो.

"नको. तुझं लिहिणं बघितलं. आता आपण जाऊ."

बाजाराच्या दिवशी आम्ही जीप भरून गेलो, आठ बाया आणि मी. बायांबरोबर कोयत्या आणि ओल्या बांबूचा भारा. कार्यालय कुठलं ते लिहीत नाही. माणसांची बदली होते, पडवी तीच राहते. त्या पडवीत आते भिंतीला टेकून बसली, बांबू चिरला, कामट्या काढल्या आणि विणायला लागली. बाकीच्याही. शिपाई आला.

"ए बाई, बाजार तिकडं. इथं टोपल्या विकायच्या नाहीत."

"विकाया नाय आलो. विनाया आलो."

"इथं कशाला?"

"तुमच्याकडं एक ठेवलीय ना. एकटी हाय बिचारी. तिला जोड नको?"

बाया हसल्या. शिपायालाही हसू आलं, ते लपवत तो आत गेला. दुपारपर्यंत कामट्यांचा कचरा साहेबांच्या दारापर्यंत पोचला. बाजाराला आलेली माणसं वाकून विचारायची, काय चाललंय, आणि बाया सांगायच्या, सगळ्यांना, पहिल्यापासून. माझ्या तिन्ही पत्रकांनी मिळून एवढी माणसं थांबवली नव्हती.

शेवटी साहेब बाहेर आले. "बाई, हे साधन बेकायदेशीर आहे."

"कोरडी हाय, सायब. हिनं पानी बघितलं नाय अजून. लिही तुला लिहायचं तं, म्हातारी पडवीत मासे धरीत होती."

साहेब माझ्याकडं वळले. "पंच तूच ना? वाचूनच केलीस ना सही?"

"वाचून केली. चुकीची केली. तसं लिहून देतो."

"शुद्धीत आहेस का? तुझ्यावरच येईल ते."

वनरक्षकाच्या भरतीचा माझा अर्ज गेलेला होता. वर्तणुकीच्या दाखल्यावर काय लिहून येईल ते मला कळत होतं. पण त्या भीतीहून राग जास्त होता. ज्याचं जाळं बघायला बोलावलं त्याच्या कुलपाला यांनी हात लावला नाही, आणि जिनं हात धरून आपली टोपली दाखवली तिची टोपली उचलून आणली. सरकारची नजर उताराच्या पाण्यासारखी खालीच वाहते. ती वर चढवायची तर बांध घालावा लागतो, आणि तो घालणाऱ्याचे पाय भिजतात.

"येऊ द्या," मी म्हणालो.

आतेनं कोयती बाजूला ठेवली. "आता लिही. मी सांगते तसं."

ती सांगत गेली, मी लिहीत गेलो. खोइन तलावात नव्हती. भिंतीच्या खाली, सांडव्याच्या पलीकडं, भाताच्या बांधात होती. पंचानं वाचून सही केली, कारण त्याचं ध्यान ठेकेदाराच्या कुलपावर होतं. हे शेवटचं वाक्य तिचं. मला ते गाळावंसं वाटलं. तिनं कागद मला दोनदा मोठ्यानं वाचायला लावला, त्यामुळे गाळता आलं नाही.

तो कागद दिल्यावर चार दिवसांनी साहेब पुन्हा आले, या वेळी टेप घेऊन. टेपचं एक टोक भिंतीच्या पायथ्याला, दुसरं टोक धरून आते स्वतः खाली उतरत गेली. ओढा ओलांडला, बांध आला, टेप संपली. तिनं टेप सोडून दिली, पडवीत विणलेली नवी खोइन डोक्यावरून उतरवली, खांडात बसवली, दोन बाजूंना दगड दाबले.

"हां, सायब. आता ने."

साहेबांनी खोइनीला हात लावला नाही. मग कारकुनाला म्हणाले, अंतर लिहा. कारकुनानं अंतर लिहिलं. या वेळी पंच म्हणून आतेनं अंगठा दिला, ओढ्यात हात धुऊन.

त्या अंतरावरचा निर्णय अजून आलेला नाही. जुनी खोइन परत मिळालेली नाही, शेडचं कुलूप तसंच आहे, भरतीचं काही कळलेलं नाही. चौथं पत्रक तयार आहे. तेही तपासणीच मागतं, पण कोणाची, कुठं, कोणती शेड उघडून, हे त्यात लिहिलंय. छापायच्या आधी मी ते आतेच्या ओट्यावर बसून सगळ्या बायांना वाचून दाखवलं. त्यांनी दोन ओळी काढायला लावल्या.

सध्या ओढ्याच्या दोन्ही काठांना, प्रत्येक बांधात एकेक खोइन आहे. पूर्वी नव्हत्या एवढ्या. सकाळी बाया त्या उचलायला उतरतात तेव्हा ठेकेदाराचा माणूस तलावाच्या भिंतीवर उभा असतो. बघतो. खाली उतरत नाही.