बिनदुधाचे थर

आठवीत शाळा सुटली आणि महिनाभरात गाव सुटलं. एसटीच्या खिडकीतून आईने दुधाचा तांब्या आत दिला. "पी सगळं. तिकडं पाणी घालून देत्यात." गाडी हलली तरी ती तांब्या परत घ्यायला बाजूने चालत होती. घाईत माझ्या शर्टावर सांडलं. शहाडला मामांच्या खोलीत पोचेपर्यंत शर्टाला आंबूस वास सुटलेला. मामींनी एका शब्दाने न विचारता तो धुवायला घेतला. त्या दोघांनी ठेवून घेतलं म्हणून निभावलं. नाहीतर अर्धवट शिकलेल्या पोराला इथे कोण विचारतं?

आता गावी राहिलेल्या तुम्हा सगळ्यांना सांगायला जीव कचरतो. आपल्या दावणीला म्हशी, आणि माझ्या लेकीने दूध सोडलंय. दही, तूप, सगळंच. व्हीगन म्हणतात. प्राजू घोडबंदर रोडला ऑफिसात आहे, तिथेच मैत्रिणींबरोबर राहते. आधी दर शनिवारी टिटवाळ्याला आमच्याकडे मुक्कामी यायची. मग "ट्रॅफिक असतं, पप्पा" सुरू झालं. आता महिन्यातून एकदा येते, तेही जेवून, आणि संध्याकाळी परत. माझ्यासारखे गाव सोडून आलेले ओळखतील ही भीती. मीही असाच हळूहळू गावाला पाहुणा झालेलो.

तिला कॉफीचं थराथरांचं पुडिंग फार आवडायचं. त्यातल्या क्रीमपायी तेही सुटलेलं. म्हटलं, आपण बिनदुधाचं करू.

थरांसाठी टोस्ट घेताना बेकरीवाल्याला विचारलं, यात दूध आहे का? "काका, या भावात दूध? पाण्यावर चाललंय सगळं!" तरी पाकिटावरचं इंग्रजी अक्षर अक्षर लावून वाचलं. शेजारच्या मालवणच्या वहिनींनी नारळाचा घट्ट रस काढून दिला. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवल्यावर त्यावर जाड साय धरली. भिजवलेले काजू वाटून, पिठीसाखर घालून ती फेटली. भांडं दोनदा घासलं. कुठे तुपाचा हात लागला असला तर?

सुमन, माझी बायको, दारात उभी राहून बघत होती. "माझ्या डोहाळ्यांना साधी भजी आणली नाहीत कधी!"

पहिले टोस्ट वाया गेले. चहात बुडवून मऊ होईपर्यंत धरायची आपल्या हाताची सवय. कॉफीत त्यांचा लगदा झाला. दुसऱ्या खेपेला नुसते टेकवून उचलले. टोस्ट, साय, टोस्ट, साय, वर कोकोची पूड.

शनिवारी दुपारी प्राजू आली. खांद्यावरची बॅग काही उतरवेना. "जेवून आलेय, पप्पा." मी वाटी पुढे केली.

"यात काय काय आहे?"

बाईंनी फळ्यापाशी उभं केल्यासारखं मी सगळं म्हणून दाखवलं. तिने चमचा तोंडात घातला. मी उगाच ओटा पुसत राहिलो.

"कॉफी जरा कडू झालीय," ती म्हणाली. आणि पुन्हा चमचा घातला. मग वाटी खरवडली.

सुमन डबा घेऊन आली, उरलेलं बांधून द्यायला. "डबा नको गं मम्मी. फ्रिजमध्ये ठेव. उद्या सकाळी खाईन." आणि बॅग खाली ठेवून ती अंथरुणाच्या कपाटात आपली चादर शोधायला लागली.

गावाला गेलो की मी आधी परतीच्या गाडीची वेळ विचारतो. त्या दिवशी प्राजूने परतीचं काहीच विचारलं नाही. घर कुठलं, असं कुणी विचारलं की इतकी वर्षं मी गावाचं नाव घ्यायचो. आता टिटवाळा म्हणतो. म्हणताना अजून जरा धाकधूक होते, पण म्हणतो.