जहाजाच्या टाकीचा वास

आमच्या मामांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना, आपल्या पारखीचा लई अभिमान. असणारच की. बैलगाड्यांच्या चाकांवरच्या जुन्या लोखंडी धावा गोळा करत खेडोपाडी हिंडणाऱ्या माणसानं लातुरात भंगाराचं दुकान उभं केलं होतं, आणि आता मुंबईत जहाजं तोडतात तिथून ते ट्रकनं लोखंड आणत. माल उतरला की ते हातोडीचा एक टोला द्यायचे, कान लावायचे अन् सांगायचे, "हे विलायती. इंग्रजानं बांधलेलं जहाज." त्यांच्या कानावर शंका घ्यायची कुणाची टाप नव्हती.

मी लग्न होऊन आले तेव्हा लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं आणि पाण्याची नुसती बोंब होती. नव्या ऑफिसांच्या पाट्या लागत होत्या, साहेब लोक येत होते, अन् आमच्या गल्लीत टँकर चार दिवसांनी. साठवायला काही नाही, म्हणून घागरींची झोंबाझोंबी. अशात मामांच्या ट्रकमधून जहाजाची अख्खी टाकी आली, खोलीएवढी. कापली असती तर ऑफिसांच्या फाटकांसाठी पत्रा चांगल्या भावानं विकला गेला असता. मामा म्हणाले, "कापायची न्हाई. गल्लीच्या तोंडाला ठेवायची, सगळ्यांला पाणी भरता येईल." टोला मारला, कान लावला. "पाण्याचीच हाय. साफ."

दुपारी ऊन तापल्यावर मी तिच्याजवळून गेले, तर मला तेलाचा वास आला. माझे वडील मुदखेड जंक्शनला सिग्नलच्या दिव्यांत तेल भरायचे. त्या वासातच मी वाढले. पण आमच्यात सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नसे. मी सासूबाईंना सांगितलं. भाकरी थापता थापता त्या म्हणाल्या, "येऊन आठ दिवस झाले न्हाईत, अन् त्यांला लोखंड शिकवायलीस का?" मी गप्प बसले. त्या गप्प बसण्याचा मला अजून राग येतो.

टँकर आला, सगळं पाणी टाकीत सोडलं. पहिली घागर भरली, तर वर तेलाचा तवंग. अख्ख्या गल्लीचं चार दिवसांचं पाणी वाया गेलं. कुणी शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं; बाया नुसत्या घागरी घेऊन परत फिरल्या.

घरात मी रडत सासूबाईंना म्हणाले, "मी सांगितलं होतं." ते मामांच्या कानावर गेलं. म्हटलं, आता आपलं काही खरं नाही. मामा उठले, गल्लीत जाऊन सगळ्यांसमोर म्हणाले, "चूक माझी हाय. सुनंला वास आला होता, पण माझ्या धाकानं तिचं माझ्याम्होरं तोंड उघडलं न्हाई." मग आमच्या रांजणातलं पाणी तांब्या-तांब्यानं दारोदार दिलं. आम्ही ते दिवस कसे काढले, विचारू नका.

टाकी धुवायला पाणी कुठलं? मामांनी आत तुराट्या पेटवून ती जाळून, खरवडून काढली. निवल्यावर हाक आली, "सूनबाई, वास घ्या." अख्खी गल्ली बघतेय आणि मी पदर सावरत टाकीत डोकं घालून. मी मानेनंच नाही म्हटलं. पुन्हा तुराट्या. दुसऱ्या दिवशीही तेच. दुकानातले गडी कुरकुरले, "मामा, बास की आता." मामा त्यांच्यावर खेकसले. तिसऱ्यांदा मी भर उन्हात आत उतरले, पत्र्याला नाक लावलं. नुसता राखेचा वास. मी मान डोलावली.

पुढचा टँकर टाकीत रिकामा झाला, पण कुणी पुढं होईना. मामांनी पेला भरला. वाटलं, स्वतः पितील. त्यांनी तो दोन्ही हातांनी माझ्यापुढं धरला. सासऱ्यानं सुनेला पाणी द्यायचं म्हणजे काय, सासूबाईंनी तोंडाला पदर लावला. मी पेला घेतला. प्यायले अर्धा पेला.

"गोड हाय, मामा," मी म्हणाले.

मामांनी माझ्या हातातून पेला घेतला आणि उरलेलं माझं उष्टं पाणी सगळ्यांसमोर पिऊन टाकलं.