नवसाची साडी

तलासरीत मी ज्यांच्याकडे भाड्याने राहायचो, ते घरमालक होळीच्या दिवशी साडी नेसून रस्त्यावर नाचत. आधी त्यांचे वडील नाचत, त्याआधी चुलत आजोबा. आजोबांनी बैलगाड्या अडवून होळीच्या पोस्ताचे पैसे मागितले, वडिलांनी टेम्पो, आणि यांच्या वाट्याला अच्छाडकडे जाणारे ट्रक आले. शहरातल्या एका विद्वानाने मला या प्रकाराचा अर्थ तासभर समजावला होता. घरमालकांना विचारलं तर म्हणाले, "गड्याने अडवलं तर ड्रायव्हर शिव्या घालतो. बाईने अडवलं तर निदान हसतो."

२०१६च्या सुमाराची ती होळी मात्र नवसाची होती. त्यांची बायको कासा गावच्या दवाखान्यातून सुखरूप घरी आली, म्हणून साडी एकदा नेसली की होळी पेटेपर्यंत सोडायची नाही, असं ते बोलले होते. आणि नेमके त्याच दुपारी वाणगावचे पाहुणे दारात. त्यांच्या मुलाशी घरमालकांच्या मुलीचं जुळत आलं होतं. धुळवडीनंतर येऊन पक्कं सांगणार होते; पण बाजारात आले, तसे इकडे वळले.

मुलगी रडकुंडीला आली. "बाबा, मागच्या दाराने गोठ्यात जा ना!"

"आणि संध्याकाळपर्यंत तिथे बसू? म्हैस काय म्हणेल?"

"घटकाभर सोडा की साडी," मी म्हणालो. "देव काय घड्याळ लावून बसलाय?"

"साहेब, नवस तुम्ही बोलला नव्हतात."

मिशीवर पदर ओढून ते ओटीवर गेले आणि नमस्कार करून बसले. बांगड्या वाजल्या. मुलाचे वडील पंख्याकडे बघू लागले. पंखा बंद होता. मुलाच्या आईने मात्र त्यांना डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं. आत मुलगी चहात साखर घालतच राहिली होती.

मग त्या बाईंनी आपल्या बांगडीतली पिन काढली आणि घरमालकांच्या बायकोपुढे धरली.

"यांच्या निऱ्यांना लावा, विहीणबाई. भर हायवेवर साडी सुटली तर आता आमच्याही घराचं नाव जाईल."

मुलाच्या वडिलांनी पंख्यावरची नजर खाली आणली आणि ते मोठ्याने हसले. चहा पाकासारखा गोड झाला होता. सगळ्यांनी तो मुकाट्याने संपवला, मधुमेह असूनही मीसुद्धा.