बाय, उठ

खुर्ची हलली. पाठीमागून कोणीतरी हलवली होती. मान वळवायची गरज नव्हती, ते सरच असणार. इतर मुलांना सर डोक्यात टपली मारायचे, खांद्यावर थोपटायचे. माझ्या अंगाला त्यांनी कधी हात लावला नाही. मला बोलवायचं झालं तर खुर्ची हलवायचे.

"बाय, उठ. जोडी जुळली."

गिरगावातला बुद्धिबळ संघटनेचा हॉल. मी अकरा वर्षांची. समोर विनय, माझ्याच वयाचा. माझ्या घोड्याने त्याचा राजा आणि वजीर एकाच वेळी धरला होता. वजीर जाणार हे त्याला कळलं होतं. त्याचे कान लाल झाले होते. तेवढ्यात कोणा देणगीदाराचा नातू उशिरा उगवला आणि त्याला खुर्ची हवी होती.

मी उठले. सरांनी पटावरच्या सोंगट्या गोळा करून पुन्हा मांडल्या, घड्याळ मागे फिरवलं. विनयची आई भिंतीला टेकून विणत बसली होती. ती शेजारणीला म्हणाली, "सुटला बाई."

मी म्हणाले, "थँक्यू सर."

ते थँक्यू मला अजून ऐकू येतं. आज इतक्या वर्षांनी पहिल्यांदा ते कुणाला सांगते आहे. मी मुळात कमी बोलते. लोकांना तो माझा चांगला गुण वाटतो.

त्या हॉलमध्ये मी कशी पोचले ते सांगते. गिरणी बंद पडल्यावर बाबा लालबागच्या आमच्या चाळीच्या गॅलरीत बुद्धिबळ खेळत बसायचे. त्यांचं बघून मी शिकले आणि वर्षभरात त्यांना हरवायला लागले. मग बाबा मला घेऊन जिल्हा संघटनेच्या हॉलवर गेले. सरांनी नाव विचारलं. आडनाव विचारलं. ते ऐकून एक क्षण थांबले. मग म्हणाले, "येऊ दे हिला. लागली तर बसवू."

लागली तर म्हणजे असं. स्पर्धेत मुलांचा आकडा विषम आला की एक मुलगा जोडीवाचून उरतो. त्याला त्या फेरीचा पॉइंट फुकट मिळतो, पण डाव मिळत नाही. मग आईबाप कुरकुर करतात. म्हणून त्याच्यासमोर कोणीतरी बसवायचं. ते कोणीतरी म्हणजे मी. मी जिंकले तरी पॉइंट समोरच्यालाच. आणि आकडा सम झाला की मी उठायचं. मला याचं काही वाटत नव्हतं. खेळायला मिळतंय, एवढंच डोक्यात.

आणि ते मला बाय म्हणायचे. त्याने तर मी हुरळून गेले होते. शेजारच्या चाळीत सगळी कोकणातली बिऱ्हाडं. तिथल्या परबकाकू मला रस्त्यात बघून हाक मारायच्या, "काय गो बाय, खंय चललंस?" बाय म्हणजे लाडाची पोर. हॉलमध्येही मला तेच म्हणतात, असं मला वाटलं. सर भिंतीवर प्रत्येक फेरीच्या जोड्या लावायचे. सुंदर, वळणदार अक्षर. डावीकडे विनयचं नाव, वडिलांचं नाव, आडनाव. उजवीकडे नुसतं: बाय.

मी बाबांना बोट लावून दाखवलं. "हे मी."

बाबांनी पूर्ण ओळ वाचली. मग हळूच म्हणाले, "आडनाव नाही लिहिलं. बरं केलं सरांनी. माणूस समजूतदार आहे."

घरी येऊन त्यांनी आख्ख्या मजल्याला सांगितलं. गिरगावात पोरीला बाय म्हणतात.

दहावीत होते तेव्हा जिन्यात विनय भेटला. तोपर्यंत त्याच्या नावावर चार कप होते. कशावरून तरी विषय निघाला आणि मी म्हणाले, सर मला पहिल्यापासून लाडाने बाय म्हणतात. त्याला हसू आवरेना.

"अगं, बाय म्हणजे बी वाय ई. इंग्लिश आहे ते. समोर कोणी नसलं की लिहितात. बाय म्हणजे कोणी नाही. तुला काय वाटलं?"

"माहितीये मला," मी म्हणाले.

तो वाईट हेतूने हसला नाही. हे मी स्वतःला इतक्या वेळा सांगितलंय की आता ते मलाच ऐकवत नाही.

बाबांना मी सांगितलं नाही. ते गेले तोवर त्यांना लाडाची पोरच माहीत होती. पण घरात कोणी मला बाय म्हणालं की मी खेकसायचे. आईला वाटायचं, पोरगी शिकली, शिष्ट झाली.

जिन्यात विनय हसला त्याच महिन्यात धीर करून मी सरांना विचारलं होतं, की माझं नाव खऱ्या यादीत घ्याल का. सर चष्मा पुसत म्हणाले, "डोकं आहे गं तुमच्या लोकांत. नाही कोण म्हणतंय? पण या खेळाला बैठक लागते. ती काही एका पिढीत येत नाही."

बैठक. मला दर वेळी खुर्चीतून उठवणारा माणूस मला सांगत होता की तुला बसता येत नाही. त्या वेळी हे मला सुचलं नाही. मी मान हलवली. उलट मला वाटलं, खरंच असेल.

इथेच मी सोडायला हवं होतं. नाही सोडलं. पण सोडून जाणार कुठे? जिल्ह्याला संघटना एकच. राज्यात खेळायचं तर तिच्याच दारातून. ते दार बंद झालं की घरी गॅलरीत खेळा, कोण नाही म्हणतंय. मी दारातच उभी राहिले. बँकेत लागले, पंचाची परीक्षा दिली, पास झाले. शनिवार-रविवार हॉलवर. संघटना गिरगावातून दादरला आली, सर गेले, विनय सचिव झाला. मी मॅडम झाले. माझं अक्षर आणि मराठी चांगलं म्हणून स्पर्धेच्या बातम्या लिहून पेपरला पाठवणंही माझ्याकडे आलं. अमुक यांच्या हस्ते उद्घाटन, तमुक यांच्या हस्ते बक्षिसं. शेवटचं वाक्य ठरलेलं: स्पर्धा खेळीमेळीच्या वातावरणात पार पडली.

आता जे लिहायचं आहे त्यासाठी इतकं मागचं लिहिलं.

आकडा विषम येणं थांबलं नव्हतं. कोणीतरी लागायचंच. परळच्या आमच्या विहारात मी रविवारी संध्याकाळी मुलांना फुकट शिकवायचे. तिथली मुलं मी हॉलवर न्यायचे. लागली तर बसवू, असंच मीही म्हणायचे. आणि आकडा जुळला की त्यांच्या मागे जायचे, खुर्चीच्या पाठीवर हात ठेवायचे. अंगाला हात लावायचे नाही. हे मी कुठून शिकले ते सांगायला नको. किती मुलं उठवली, मला माहीत नाही. मी कधी मोजली नाहीत.

एक आठवतो. इम्रान. रे रोडला लाकडाच्या वखारीत त्याचे वडील कामाला. हत्ती-प्यादी उरली की डावाचा शेवट असा खेळायचा की मी बघत राहायचे. त्याला दोनदा उठवला. दुसऱ्या वेळी त्याची आई आली होती, बुरख्यात, हातात डबा. ती मला म्हणाली, "मॅडम, हमारा नंबर फिर कब आएगा?"

"बताती हूँ," मी म्हणाले.

नाही सांगितलं. तो परत आला नाही.

माझी मुलगी सांची चौदा वर्षांची आहे. या वर्षी जिल्ह्याची निवड स्पर्धा होती, पहिले चार राज्याला जाणार. तिचं नाव मी वेळेत दिलं. विनयने मला बाजूला घेतलं.

"मॅडम, पंचाची मुलगी यादीत. लोक बोलतील. तुम्ही समंजस आहात म्हणून तुम्हाला सांगतो. राखीव ठेवू. आकडा विषम आला की बसेल. एकदा बसली की राहिलीच, मी आहे ना."

दोन कमिटी मेंबरांची मुलं यादीत होती. त्यांच्याबद्दल कोणी बोलणार नव्हतं. हे मला दिसत होतं. मी म्हणाले, बरं.

स्पर्धेच्या सकाळी आकडा विषम आला. सांची बसली. समोर माटुंग्याची एक मुलगी, चांगली खेळणारी. तासाभरात सांचीने तिला एका बाजूला दाबून धरलं. मी लांबून बघत होते. पंचाने मुलीच्या पटाजवळ फार थांबू नये, म्हणून लांबून.

मग दार उघडलं आणि हॉल देणाऱ्या बिल्डरचा मुलगा आला. हेडफोन गळ्यात. गाडी अडकली होती म्हणे. नियमाने तो बाद होता. विनय माझ्याजवळ आला. आवाज हळू, पण जवळच्या पटांवर ऐकू जाईल असा.

"मॅडम, ह्याला बसवून घ्या. ती बाय उठवा."

ती बाय. नाव माहीत होतं त्याला. लहानपणी आमच्या घरी चहा नाही घेतला कधी, पण सांचीच्या बारशाचे पेढे त्याने हॉलवर खाल्ले होते.

मी चालत गेले. खोटं लिहिणार नाही. मी तिला उठवायलाच गेले. डोक्यात एवढंच, की आता वाद घातला तर पुढच्या वर्षीही हिचं नाव जाणार. मी तिच्या मागे उभी राहिले आणि खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला.

सांचीने मागे पाहिलं नाही. तिने पेनला टोपण लावलं. चाली लिहायचा कागद घडी केला. खुर्ची मागे सरकवायला लागली, आवाज होऊ नये म्हणून दोन्ही हातांनी उचलून. मी एक शब्द बोलले नव्हते.

हे मी तिला कधी शिकवलं नव्हतं. घरात हा विषयच नाही. तरी तिला येत होतं. कसं उठायचं, किती पटकन, किती आवाज न करता. माझ्याच पोटी येऊन ती ते शिकली होती, आणि ओठांवर पुढचा शब्दही तयार असणार. थँक्यू.

"बस," मी म्हणाले.

तिने वर पाहिलं.

"बस खाली. तुझी चाल आहे. घड्याळ चालू आहे."

ती बसली. टोपण काढलं. विनय आला. हसतच आला, आजूबाजूला पालक होते.

"मॅडम, काय चाललंय?"

"डाव चाललाय."

"अहो, ती फक्त—"

"तिचं नाव सांची आहे. सुरू झालेला डाव मी थांबवणार नाही. पंच मी आहे."

"वातावरण बिघडवताय तुम्ही," तो म्हणाला. "तुमच्याकडून ही अपेक्षा नव्हती."

"मला माहितीये," मी म्हणाले. मी तिच्या खुर्चीमागून हलले नाही, खुर्चीची पाठ धरून उभी राहिले. यात शौर्य वगैरे काही नव्हतं.

सांची जिंकली. माटुंग्याच्या मुलीने हात मिळवला, "मस्त खेळलीस" म्हणाली आणि लगेच आईकडे बघितलं. दुपारी भिंतीवर निकाल लागला. आता कॉम्प्युटरच काढतो ते. माटुंग्याच्या मुलीला एक पॉइंट. तिच्यासमोर इंग्रजीत तीन अक्षरं. बिल्डरच्या मुलालाही एक पॉइंट, एकही चाल न खेळता. खरा बाय तोच होता, पण त्याच्या नावापुढे त्याचं आडनाव होतं. दुसऱ्या फेरीपासून आकडा सम होता. सांचीचं नाव कुठेच नव्हतं.

आम्ही दादरहून लालबागपर्यंत उड्डाणपुलाखालून चालत आलो. बसच्या रांगेत उभं राहावंसं दोघींनाही वाटलं नाही. भारतमाता सिनेमापाशी ती म्हणाली, "आई, तू मला उठवायलाच आली होतीस ना?"

"हो."

"मग हात ठेवायच्या आधीच का नाही थांबलीस?"

घरी पोचेपर्यंत ती माझ्या एक पाऊल पुढे चालत होती.

रात्री विनयचा मेसेज आला: बातमी पाठवा, नेहमीसारखी. मी पाठवली नाही. सोमवारी मी पंचांच्या ग्रुपमध्ये नव्हते. कोणाचा फोन आला नाही. आम्ही बाहेर आहोत असं नाही. त्या एकाच दाराशी आहोत, फक्त आता ते आतून लावलेलं आहे. सांचीचं हे वर्ष गेलं. पुढचंही जाईल कदाचित. ते माझ्यामुळे गेलं की त्यांच्यामुळे, असं ती मला एक दिवस विचारेल. दोघांमुळे, असं मी सांगणार आहे.

म्हणून हीच माझी बातमी. निवड स्पर्धा पार पडली. वातावरण खेळीमेळीचं नव्हतं. कधीच नव्हतं, मी खोटं लिहीत होते.

या रविवारी मी रे रोडला जाणार आहे. इम्रानच्या आईने एक प्रश्न विचारला होता, त्याचं उत्तर तिच्या तोंडावर द्यायचं आहे: नंबर आलाच नसता, आणि ते मला तेव्हाही माहीत होतं. तिने दारातून हाकललं तर उभी राहीन. मग विहारातल्या प्रत्येक मुलाचं नाव पुढच्या स्पर्धेला देणार, पूर्ण नाव, आडनावासकट. राखीव नाही. नाकारलं तर नाकारल्याचं कारण त्यांनी सगळ्यांसमोर तोंडाने सांगायचं. आमची मुलं पटावर बसतील किंवा हॉलच्या दारात पट मांडून बसतील. पण आकडा जुळवायला एकही मूल मी देणार नाही.

आणि कोणी मागून खुर्ची हलवली, तर त्यांनी काय करायचं, हे मी त्यांना पहिल्या धड्यात शिकवणार आहे. घोडा कसा चालतो त्याच्याही आधी.

बसून राहायचं.