झाडं नको म्हणणारे दाजी

वनखात्याचा पगार खाऊन झाडांशी उभा दावा मांडलेला माणूस अख्ख्या नगर जिल्ह्यात एकच होता, आणि तो नेमका आमच्या ताईच्या नशिबी आला. दाजी वनरक्षक. मिरजगावजवळचं राखीव कुरण त्यांच्या ताब्यात होतं. कुरण म्हणजे नजर पोचेल तिथवर कुसळी गवत आणि मधूनमधून तरवडाची झुडपं. त्या माळावर माळढोक यायचे. कमरेएवढा उंच, नव्या जावयासारखा मान ताठ ठेवून चालणारा हा पक्षी शिकारीपायी संपत आला होता. त्यात चहूकडचं लांबवर दिसलं नाही तर तो त्या जागी थांबतच नाही, हे दाजी भेटेल त्याला ऐकवायचे. लग्नाच्या पंगतीत ते शेजारी बसले की माणसं दुसरी जिलबी न घेताच उठायची. माळावर बाभळीचं रोपटं उगवलं की ते स्वतः उपटायचे आणि घरी येऊन समाधानाने सांगायचे, "आज एक काढलं." ताईने परसात लावलेला कढीपत्ता तेवढा त्यांनी सोसला, तोही 'स्वयंपाकघराच्या हद्दीत आहे' म्हणून. मी एकदा विचारलं, "दाजी, तुमच्या साहेबांना हे माहीत आहे का हो?" तर म्हणाले, "साहेबांना झाडं मोजता येतात रे. मोकळी जागा कशी मोजणार?"

बहात्तरच्या दुष्काळात सरकारने कामं काढली आणि याच माळावर झाडांसाठी खड्डे खणायचा हुकूम आला. दाजींना जेवण जाईना. पण काम थांबवा म्हणायची सोय नव्हती, खणणाऱ्या बायांच्या चुली त्याच खड्ड्यांवर पेटत होत्या. अशातच माळाच्या मधोमध, उघड्या जमिनीवर, एक मादी अंड्यावर बसलेली त्यांना दिसली. माळढोकाचं अंडं एकच असतं. दाजींनी टोळी दुसऱ्या टोकाला लावली, अंड्याभोवती चुन्याच्या फक्कीने मोठं रिंगण आखलं आणि चक्क हात जोडले, "बायांनो, महिनाभर एवढं सोडा." टोळीतली वयस्क भागाबाई म्हणाली, "आमी बी लेकुरवाळ्याच हाय, गार्डसायेब. सोडलं."

पंधरा दिवसांनी साहेबांची जीप आली. मधली जागा मोकळी कशी, म्हणून साहेब तरातरा तिकडे निघाले. दाजींना खोटं बोलता येत नाही. ते नुसतेच घाम पुसत मागे चालले. तेवढ्यात भागाबाई पदर सावरत आडवी आली. "सायेब, फुडं जाऊ नगा. त्या झुडपाआड आमच्यातली एक अडलीया, बाया बसल्यात तितं." साहेब कानापर्यंत लाल झाले आणि आल्या पावली जीपमध्ये जाऊन बसले. पण साहेब मनाने फार चांगले. दुसऱ्याच दिवशी त्यांच्या घरून डिंकाचे लाडू आणि एक टोपडं आलं, सोबत चिठ्ठी: 'मुलगा की मुलगी?' लाडू बायांनी तिथल्या तिथे वाटून खाल्ले. टोपडं मात्र दाजींच्या जिवाला लागून राहिलं. अंडं फुटून पिल्लू आईमागे गवतात चालू लागलं, त्या दिवशी ते टोपडं घेऊन नगरला गेले आणि साहेबांना सगळं सांगून बसले. साहेब आधी पोट धरून हसले, मग गंभीर झाले, आणि आठवड्यात बदलीचा हुकूम निघाला. बदली कुठे, तर राजूरला. डोंगर, धो धो पाऊस आणि वळाल तिकडे झाड!

तिथून पहिलं कार्ड आलं: 'इथे झाडांपुढे काही दिसत नाही. लोक म्हणतात, नशीब काढलंत.' माळावर लावलेली रोपं पाण्यावाचून जळाली असं मी कळवलं, तेव्हा वनखात्याच्या या इमानी नोकराने राजुरात पेढे वाटले, असं ताईनेच लिहिलं. मग मात्र प्रत्येक कार्डात एकच प्रश्न यायला लागला: 'पिल्लू जगलं का?'

दोन पावसाळे गेले. मिरजगावातलं माझं दुकान बंद करून मी दर रविवारी सायकलने माळावर जायचो आणि हात हलवत परत यायचो. एका रविवारी गवतातून एक माळढोक चालत गेला. एकटाच. आई होती, पिल्लू होतं की भलताच कुणी, देव जाणे; मला पक्ष्यांतलं ओ की ठो कळत नाही. घरी येऊन कार्ड घेतलं आणि दाजींची फार आठवण आली. मी लिहिलं, 'पिल्लूच होतं, दाजी. चांगलं कमरेएवढं झालंय.'