घरातला जिना

कारखान्यातून रिटायर झालो तेव्हा हाती आलेला फंड आणि वडूजची जमीन विकून आलेले पैसे, दोन्ही मी साताऱ्यातल्या या घरात घातले. कोरडवाहू रानाच्या जिवावर म्हातारपण काढण्यापेक्षा वरच्या मजल्याचं भाडं बरं, असा माझा हिशोब. पेन्शनीवर मी विसंबलोच नव्हतो. शेजारच्या निवृत्त सुभेदारांची पेन्शन ऐटीत येते. आमची कंपनीवाल्यांचीही येते, पण औषधाच्या दुकानापुढं सरकत नाही.

हिशोब फसला तो जिन्यात. गवंडी म्हणत होता, जिना बाहेरून काढा, भाडेकरूला सोयीचा पडेल. बायको आडवी आली.

"आवं, उद्या सून काय भाईरनं चढून येणार व्हय? आन् मी कालवणाचं पातेलं घिऊन अंगणातनं फिरू?"

वरचा मजला तिच्या मनात भाड्याचा नव्हताच, पोराचा होता. पोरगा नुकताच पुण्यात नोकरीला लागलेला. मीही विरघळलो. जिना आमच्या बैठकीतून वर गेला.

पोराचं लग्न झालं, पुण्यात फ्लॅट झाला. दिवाळीला एक रात्र येतो, तोही खालीच झोपतो. भाडेकरू मात्र यायचे, वरच्या खोल्या बघून खूश व्हायचे आणि मग पलंगावर बनियनवर बसलेल्या माझ्यासमोरून रोज जायचं-यायचं, हे ध्यानात आलं की चहासुद्धा न घेता निघायचे. मी चिडायचो. "तुझ्या सुनेचा जिना" म्हणून टोमणे मारायचो. ती गुडघे धरत वर जायची आणि रिकाम्या खोल्या झाडून यायची.

यंदा माझी हृदयाची औषधं वाढली. आता भाडं आल्याशिवाय भागणार नाही, बाहेरून जिना काढून आतला बंद करू, असं मी तिला स्पष्ट सांगितलं.

"पोराला इचारा," ती म्हणाली. "त्यो नगं म्हणाला, तर परत जिन्याचं नाव काडायचं न्हाई."

तिला खात्री होती. मी तिच्यासमोरच फोन लावला, तिला ऐकू जाईल असा.

"मग काढा की बाबा बाहेरून," पोरगा म्हणाला. "मी कधीचा सांगणार होतो. खर्च मी पाठवतो."

पैसे संध्याकाळच्या आत आले. इतक्या लगबगीनं तो स्वतः कधी आला नव्हता. 

बाहेरून नवा जिना निघाला आणि आतल्या जिन्याचं वरचं तोंड स्लॅब टाकून बंद झालं. खालच्या पायऱ्याही फोडू का, असं गवंड्यानं विचारलं. ती म्हणाली, राहू द्या.

वर आता एमआयडीसीतलं एक तरुण जोडपं राहतं. भाडं वेळेवर येतं, औषधं निघतात. काल संध्याकाळी वर पैंजण वाजले. हिनं वाटीत कालवण काढलं, पदरानं झाकलं आणि सवयीनं आतला जिना चढू लागली. डोक्याला स्लॅब टेकायच्या आधी थांबली, आणि वाटी मांडीवर घेऊन तिथंच पायरीवर बसून राहिली.