बंबवाल्याची जागा

नोटीस आली तेव्हा मी शाळेतून नुकतीच घरी पोचले होते. म्युनिसिपालिटीचा शिपाई दारात उभा राहून पावतीवर सही मागत होता. युद्ध समाप्त झाल्यामुळे बंबाच्या ड्रायव्हरने महिनाअखेरपर्यंत कामावर हजर व्हावे, अन्यथा त्याची जागा दुसऱ्यास देण्यात येईल, असा मजकूर होता. खाली चीफ ऑफिसरची सही. नोटीस माझ्या धाकट्या भावाच्या नावाची होती, आणि भाऊ तेव्हा जावा बेटावर होता.

आमच्या शहरात आगीचा बंब एकच, आणि तो चालवता येणारा माणूसही एकच, तो म्हणजे माझा भाऊ. लढाई ऐन रंगात असताना लष्कराला ड्रायव्हर कमी पडू लागले, तेव्हा याच चीफ ऑफिसरांनी त्याच्या पाठीवर थाप मारून त्याला भरतीला पाठवलं. जनरल सभेत ठराव करून घेतला. ‘सर्व आघाड्यांवरील युद्ध पूर्णपणे समाप्त होईपर्यंत’ त्याची जागा राखून ठेवावी, असा मसुदा त्यांनी स्वतःच्या हाताने लिहिला. कलेक्टरसाहेब पाहुणे म्हणून आलेले, त्यामुळे तो ठराव एकदा इंग्रजीत आणि एकदा मराठीत, असा दोनदा वाचला गेला. मी म्युनिसिपालिटीच्या मुलींच्या शाळेतली मास्तरीण, स्वागतगीत मीच बसवलं होतं. त्या गीताची मला आजही लाज वाटते, पण त्याच्यामुळेच मी सभेला हजर होते आणि ठरावाचे शब्द माझ्या कानांत राहिले.

पुढे जपान शरण गेला. चर्चमध्ये उपकारस्तुतीची उपासना झाली, शाळेत पेढे वाटले. आईने भावाची खाट झटकून उन्हात टाकली. भाऊ मात्र आला नाही. जावात डचांना आपलं राज्य पुन्हा मांडायचं होतं, तिथल्या लोकांना ते नको होतं, आणि मध्ये उभं करायला इंग्रजांनी आमची पोरं पाठवली होती. त्याची पत्रं यायची, त्यांत निम्म्या ओळी काळ्या केलेल्या.

खरं काय ते कळलं मिरजगावच्या एका ड्रायव्हरकडून. तो भावाच्याच तुकडीतला, हात मोडल्यामुळे सुटून आलेला. आमच्या ओट्यावर बसून चहा पिता पिता म्हणाला, “बाई, भाऊ तुमचा बरा हाय. पर त्याचं मन लई कडू झालंय. तिथली मान्सं भिंतीभिंतीवर लिवत्यात, आमचा मुलूख सोडा म्हनून. याच्या गाडीत चुना नि पान्याची पिंपं भरत्यात, नि त्या भिंती धुवायला लावत्यात. मला म्हनला, अक्काला सांग, बेचाळीस साली केलं तेच पुन्हा करतोय.”

मला पुढचं ऐकवेना. बेचाळीस साली आमच्या शाळेच्या भिंतीवर लिहिलेलं ‘चले जाव’ म्युनिसिपालिटीने बंबाच्या पाण्याने धुवून काढलं होतं. बंब भावाने आणला होता. मी व्हरांड्यात उभी राहून पाहिलं होतं आणि नंतर दोन दिवस त्याच्याशी बोलले नव्हते. त्याने कधी सफाई दिली नाही.

“आन् ती बंबाची जागा संभाळा,” ड्रायव्हर जाता जाता म्हणाला. “जागा गेली तर तो पल्टनीतच ऱ्हाईल. घरी येऊन करू काय, असं म्हनत हुता.”

त्यानंतर आठवड्याने ही नोटीस. मी ती घेऊन तडक चीफ ऑफिसरांकडे गेले.

“युद्ध संपलं बाई,” ते म्हणाले. “गॅझेटात आलंय.”

“मग माझा भाऊ लढतोय कोणाशी?”

“ते सरकारचं धोरण. आपण आपली गटारं आणि दिवाबत्ती बघावी. आणि तुम्ही आमच्या नोकर आहात, हे विसरू नका.”

विसरणार कशी? नोकरांना राजकारणावर बोलायची बंदी होती, पण घरच्या माणसाच्या नोकरीबद्दल सभेकडे अर्ज करायला कुणाची ना नव्हती. मी त्याच दिवशी अर्ज लिहिला. माझ्या भावाची जागा सभेने सर्व आघाड्यांवरील युद्ध संपेपर्यंत राखून ठेवली आहे. तो आज जावात आघाडीवर आहे. तरी युद्ध संपले आहे की नाही, याचा सभेने निर्णय द्यावा. बस, एवढंच.

सभेच्या दिवशी मी मागच्या बाकावर बसले. अर्ज वाचला गेला तशी कुजबुज सुरू झाली. चीफ ऑफिसर म्हणाले, हा विषय सभेच्या कक्षेबाहेरचा आहे, अर्ज दप्तरी दाखल करावा. एक दोन माना डोलल्याही. मग गुरांचा व्यापार करणारे एक सभासद उठले. ते सभेत सहसा तोंड उघडत नसत.

“आमी घोडेगावच्या बाजारात बैल इकतो, तर दावं माघारी आनतो,” ते म्हणाले. “ह्यो मानूस तर आपुन इकला बी न्हाई, लढाईपुरता उसना दिल्ता. आता त्यो परत बी द्यायचा न्हाई, आन् त्याची जागा बी मोडायची? ह्ये कुठलं वागनं?”

अध्यक्ष म्हातारे वकील होते, कोणाला दुखवायचं नाही असा त्यांचा खाक्या. त्यांनी जुनं ठरावबुक मागवलं, चष्मा लावला आणि ते शब्द सावकाश मोठ्याने वाचले. मग चीफ ऑफिसरांकडे वळून विचारलं, “हा मसुदा आपलाच ना?” चीफ ऑफिसरांचा चेहरा पाहण्यासारखा झाला होता. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

नवा ठराव अध्यक्षांनीच सांगितला. या सभेच्या मते युद्ध संपलेले नाही. हिंदुस्थान सरकारने जावातील लढाई ताबडतोब थांबवावी, तेथील लोकांना त्यांच्या घरात सुखाने राहू द्यावे आणि आमची माणसे परत आणावीत. तोवर बंबाची जागा राखून ठेवावी.

अनुकूल असणाऱ्यांनी हात वर करायचे होते. मला मत नव्हतं, म्हणून मी नुसती उठून उभी राहिले. “बाई, खाली बसा,” चीफ ऑफिसर ओरडले. मी बसले नाही. शेवटचा हात वर होईपर्यंत उभी होते, आणि तो शेवटचा हात खुद्द अध्यक्षांचा होता.

चौथ्या दिवशी माझी बदली नाक्यापलीकडच्या शाळेत झाली. तिथे फळाही नव्हता. दिल्लीहून ठराव पोचल्याची एका ओळीची पोच आली. गावात टवाळी झाली, की गटारं तुंबलीत आणि हे निघालेत जगाची लढाई थांबवायला. आमच्या ठरावाने लढाई थांबली असं मी म्हणत नाही, एवढी खुळी मी नाही. पण आपली माणसं दुसऱ्याच्या मानेवर बसवायला नेतात, तेव्हा गप्प राहणाऱ्यांत आम्ही नव्हतो.

सेहेचाळीस सरता सरता भाऊ आला, वाळून काटकी झालेला. दुसऱ्याच दिवशी कामावर गेला. त्याच्याबरोबर गावातली आणखी दोन पोरं गेली होती, त्यांचा मात्र पत्ता नव्हता. त्यांच्या आया कचेरीच्या पायऱ्या झिजवून थकल्या. मग एका सकाळी म्युनिसिपालिटीच्या भिंतीवर कोळशाने लिहिलेलं दिसलं, ‘आमची दोन माणसं कुठे आहेत?’

चीफ ऑफिसरांनी बंब बोलावला. शाळेला निघालेली मी गर्दीत थांबले. भाऊ खाली उतरला, नळी हातात घेतली आणि भिंतीवरचं एकेक अक्षर पाहत राहिला. ते कोणाचं आहे हे त्याला कळायला वेळ लागला नाही. लहानपणी त्याला पाटीवर कित्ता मीच घालून दिला होता.

त्याने नळी गुंडाळून ठेवली आणि बंबाची किल्ली चीफ ऑफिसरांच्या हातात दिली. “साहेब, आग लागली तर सांगा,” तो म्हणाला. “भिंती आता धुणार नाही.” आणि पायी घरी गेला.

शहरात बंब चालवणारा दुसरा कोणी नव्हता. दुसऱ्या दिवशी शिपाई किल्ली घेऊन आमच्या दारात आला. पावतीवर सही मी केली.